रुईचा वैरी

रस्त्याच्या कडेला रुई दिसली की ऑर्लिन त्वेतची गाडी थांबायची. शेजारी बायको चर्चच्या कपड्यांत बसलेली असो, मागच्या सीटवर पुतणीच्या लग्नाचा केक असो, गाडी थांबायचीच. ऑर्लिन खाली उतरायचा, पँट गुडघ्यांपाशी चिमटीने वर ओढायचा, झाडाला बुंध्याशी धरून एक हिसका द्यायचा आणि मुळासकट आलेली रुई तापल्या डांबरावर आपटून परत येऊन बसायचा. बोटांना लागलेला चीक रुमालाला पुसायचा. आर्डिस, त्याची बायको, खिडकीबाहेर बघत विचारायची, "झालं?"

"झालं," तो म्हणायचा, आणि लग्नाला जायचा.

इथली, अमेरिकेतली रुई ही आपल्याकडच्या रुईची चुलतबहीण. पान तसंच जाड, तोडलं की तसंच दूध, आणि शेंग फुटली की वाऱ्यावर उडणाऱ्या तशाच रेशमी म्हाताऱ्या. इथले लोक तिला दुसऱ्या नावाने ओळखतात, पण इतकी वर्षं तिच्या शेजारात काढल्यावर मला तिला रुई म्हणायचा हक्क आहे असं मी समजते.

दक्षिण मिनेसोटाच्या आमच्या भागात शेतात मका आणि सोयाबीन सोडून तिसरं काही उभं दिसलं तर लोक घरी येऊन चौकशी करतात. ऑर्लिनच्या पिढीची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत सोयाबीनच्या ओळींतून चालायची. चालायचं आणि दिसेल ते तण उपटायचं, एवढंच काम. पण ते पहाटेच्या दवात भिजून सुरू व्हायचं आणि मानेची कातडी सोलून निघेपर्यंत चालायचं. बाकीची मुलं मोठी झाल्यावर ते विसरली. ऑर्लिनचे हात विसरले नाहीत. पुढे टाउनशिपला, म्हणजे आमच्या भागाच्या पंचायतीला, तणनिरीक्षक हवा होता आणि ते काम कुणालाच नको होतं. ऑर्लिनने ते घेतलं, आणि शेती करायचा तोवर सोडलं नाही.

तो कुणाला रागावल्याचं मला आठवत नाही. खिडकी उघडी ठेवून तो गाडी अगदी हळू चालवायचा, एखाद्याच्या दारात थांबायचा, पावसाबद्दल बोलायचा, मक्याबद्दल बोलायचा, आणि निघता निघता म्हणायचा, "तुझ्या कुंपणापाशी काहीतरी वाढतंय बहुतेक." आमच्याकडची माणसं मूळची नॉर्वेची. घराला आग लागली तरी "जरा गरम होतंय" म्हणणारी. त्यांच्यात हे वाक्य म्हणजे भर चौकात कानाखाली वाजवण्यासारखं. ज्याला ते ऐकावं लागायचं त्याचं कुंपण सूर्य मावळायच्या आत साफ व्हायचं. नंतर फवारे आले आणि उरलीसुरली रुई त्यांनी संपवली, पण आमच्या टाउनशिपमध्ये फवाऱ्यांना फारसं काम उरलं नव्हतं.

अशा माणसाच्या बायकोने म्हातारपणी मोनार्क फुलपाखरं पाळायला घेतली.

आर्डिसने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला होता. घरी बसल्यावर तिला कुणाला तरी जेवू घातल्याशिवाय करमेना. शेत पुतण्याकडे देऊन दोघं गावाच्या टोकाच्या घरात राहायला आली, त्याच वर्षी तिने गॅरेजच्या मागे, नवऱ्याच्या नजरेआड, रुईचं बी टाकलं. मोनार्क रुईशिवाय कशावरही अंडी घालत नाही आणि तिची अळी रुईशिवाय दुसरं काही तोंडात धरत नाही. रुई गुडघाभर झाल्यावर आर्डिस ऑर्लिनला हाताला धरून गॅरेजमागे घेऊन गेली.

"ऑर्लिन, ही माझी आहे."

ऑर्लिनचे खांदे ताठ झाले. "ही?"

"ही."

"सगळी?"

"सगळी."

"हं," ऑर्लिन म्हणाला, आणि दारू सोडलेला माणूस जसा गुत्त्याच्या रस्त्याने जात नाही, तसा त्या दिवसापासून तो गॅरेजच्या मागे जाईनासा झाला.

अळ्या मात्र घरात होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर जाळीचे पिंजरे आणि उरलेल्या अर्ध्या भागावर ऑर्लिनचं ताट. पांढऱ्या, पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या त्या गुळगुळीत अळ्या दिवसरात्र खायच्या. घर शांत असलं की त्यांचं चावणं ऐकू यायचं, आणि त्या घरात शांतता पुष्कळ असायची.

"जेवताना आवाज करतात," एकदा ऑर्लिन म्हणाला.

"तूही करतोस," आर्डिस म्हणाली. "तुला मी पिंजऱ्यात ठेवलं नाही."

मग एका ऑगस्टच्या अखेरीस दूर उत्तरेला डुलुथला राहणाऱ्या तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आर्डिसला आठवडाभर तरी जाणं भाग होतं. पिंजरे भरलेले होते, आणि ती उन्हाळ्यातली शेवटची पिढी होती. आधीच्या पिढ्या इथेच जगतात, इथेच संपतात; मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत जाते ती ही शेवटची. यांतली एकेक अळी म्हणजे तिकीट काढून बसलेला प्रवासी, असं आर्डिस म्हणायची. ते प्रवासी तिने नवऱ्याच्या हवाली केले, कारण गावात दुसरं कुणी हे पाळत नव्हतं.

"रोज सकाळी ताजी पानं," ती म्हणाली. "कात्रीने कापायची. ऑर्लिन, माझ्याकडे बघ. कशाने?"

"कात्रीने."

"तुझं जेवण फ्रीजरमध्ये आहे. तुझं विसरलास तरी चालेल. त्यांचं नाही."

पुढे जे घडलं ते मी या दोघांकडून आणि पुढे येणाऱ्या वेंडेल फायफरकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलं आहे. तिघांच्याही सांगण्यात फरक एवढाच की ऑर्लिनच्या सांगण्यात ते लवकर संपतं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. ऑर्लिन कात्री घेऊन गॅरेजमागे जायचा, डावा हात पाठीशी धरायचा, उजव्या हाताने मोजकी पानं कापायचा आणि मागे न बघता घरात यायचा. मग एका सकाळी शेजारचा मायलो ओस्टबी गॅरेजला टेकून उभा राहिला. मायलोच्या मेहुण्याने नवी सपाट बोट घेतली होती, आणि ती तळ्यात पहिल्याच दिवशी बुडाली होती. अशी गोष्ट घाईने सांगता येत नाही. बोट कुठे घेतली, मेहुण्याला आधीच कुणी काय सांगितलं होतं, बोटीत कोण कोण बसलं होतं आणि त्यांतलं कोण जरा जाड होतं, हे सगळं क्रमाने यावं लागतं. ऑर्लिन मान हलवत ऐकत होता. त्याने कात्री खिशात ठेवली, कारण गोष्ट ऐकताना हातात कात्री बरी दिसत नाही. मग पँट गुडघ्यांपाशी चिमटीने वर ओढली.

"आणि मग ती मागून बसायला लागली," मायलो सांगत होता.

"मागून?" ऑर्लिनने विचारलं, आणि एक हिसका दिला.

"मागून. हा म्हणतो, काही नाही, सगळ्यांनी पुढे सरका."

"सरकले?" आणखी एक हिसका.

"सरकले ना! तिथेच तर चुकलं."

बोट तळाशी टेकेपर्यंत गॅरेजमागची जमीन स्वच्छ झाली होती. मायलोच्या लक्षात काही आलं नाही. तोही जुना शेतकरीच. उपटलेली रुई जमिनीवर राहू द्यायची नसते एवढं त्याला ठाऊक होतं. अंगणातल्या पिंपात कागद जळत होते. बोलता बोलता त्याने कवेत घेऊन ती सगळी रुई पिंपात टाकली. ओली रुई धूर फार करते. पांढऱ्या धुराचा एक खांब गावावर उभा राहिला.

"छान साफ झालं," मायलो म्हणाला आणि गेला.

ऑर्लिन घरात येऊन खुर्चीत बसला, तेव्हा त्याला कात्री टोचली.

तो किती वेळ तसाच बसून होता ते त्याने मला सांगितलेलं नाही. मग त्याने पिंजऱ्यांकडे पाहिलं. कालची पानं संपली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या. अळ्या देठांच्या टोकांशी जाऊन मान वर करून डावीकडे उजवीकडे बघत होत्या, पंगतीत वाढपी पुढच्या ओळीला गेल्यावर बघतात तशा. ऑर्लिनने फ्रीज उघडला. त्याने त्यांना लेट्यूस दिलं. मग कोबी. मग परसातली र्‍हुबार्बची पानं. अळ्या लेट्यूसवरून चालत गेल्या, कोबीवरून चालत गेल्या आणि पुन्हा मान वर करून उभ्या राहिल्या.

तेव्हा ऑर्लिन रुई शोधायला गाडी घेऊन निघाला.

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्या टाउनशिपमधली रुई त्याने स्वतःच्या हातांनी संपवली होती, त्याच टाउनशिपमध्ये तो रुई शोधत होता. खिडकी उघडी, गाडी अगदी हळू, नजर रस्त्याकडेच्या चरांवर. चर इतके स्वच्छ होते की दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याला अभिमान वाटला असता. पण वाईट त्याहून पुढे होतं. खिडकी उघडी ठेवून, गाडी हळू चालवत, चरांत डोकावणारा ऑर्लिन त्वेत लोकांनी या आधीही पाहिला होता.

पहिल्यांदा सोरेनसनांच्या शेतावरून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मग पलीकडून गवत कापायचं यंत्र गुरगुरायला लागलं. ऑर्लिन ज्या ज्या रस्त्याने गेला, त्या त्या रस्त्यावर मागोमाग कापणी सुरू झाली. एका पुलापाशी त्याला तीन झाडं दिसली, चांगली छातीएवढी, गुलाबी फुलांचे गुच्छ वाळायला लागलेली. पण मागून दुधाचा टँकर येत होता म्हणून तो पुढे जाऊन वळून आला. तेवढ्यात तिथे मायलोची बायको लोइस उभी होती, घामाघूम, हातात ती तीन झाडं मुळांसकट.

"काढली हं, ऑर्लिन!" ती ओरडली. "मी म्हटलं तू परत वळलास म्हणजे तुला दिसलीच असणार. काळजी करू नकोस, मी जाळून टाकते!"

या माणसाने हात पुढे करून ती मागून घ्यावीत की नाही? पण आमच्याकडे कुणी कुणाकडे काही मागत नाही. शेजाऱ्याकडून शिडी हवी असेल तर त्याच्यासमोर छपराकडे बघत उभं राहायचं असतं. ऑर्लिन लोइसच्या हातातल्या रुईकडे बघत उभा राहिला. लोइसला वाटलं, तो अजून रागावलेला आहे. तिने ती पायाखाली तुडवली.

संध्याकाळी डुलुथहून फोन आला.

"कसं आहे?" आर्डिसने विचारलं.

"बरं आहे."

"जेवलास?"

"जेवलो."

"आणि त्या?"

ऑर्लिनने पिंजऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांत लहान होत्या त्यांतल्या काही खाली तळाशी निपचित पडल्या होत्या. "सकाळी जेवल्या," तो म्हणाला.

"हवा कशी आहे तिकडे?"

"धू... ढग आहेत जरा."

"असं का," आर्डिस म्हणाली.

सकाळी उठून तो वेंडेल फायफरकडे गेला.

आमच्या टाउनशिपमध्ये वेंडेलचा एकच डोंगरउतार असा होता जिथे रुई होती, आणि तिथे रुईशिवाय फारसं काही नव्हतं. वेंडेल नदीपलीकडच्या जर्मनांपैकी. एकटा राहायचा, थोड्या शेळ्या पाळायचा आणि आपल्या जमिनीवर जे उगवेल ते उगवू द्यायचा. फार वर्षांपूर्वी ऑर्लिन त्याच्या दारात थांबून, "काहीतरी वाढतंय बहुतेक," असं तीन उन्हाळे म्हणाला होता. वेंडेलने तिन्ही वेळा, "हो, पाऊस चांगला आहे," असं सांगून त्याला निरोप दिला होता. मग वेंडेल बहिणीच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोन दिवस बाहेरगावी गेला, आणि परत आला तेव्हा टेकडी न्हाव्याकडून आल्यासारखी दिसत होती. टाउनशिपचा ट्रॅक्टर घेऊन ऑर्लिनने ती मुळापासून कापली होती. त्या दिवसापासून कॅफेत ऑर्लिन आला की तो आपला कप उचलून काउंटरच्या दुसऱ्या टोकाच्या स्टुलावर जाऊन बसायचा. टेकडी पुढच्या वर्षी पुन्हा वाढली. स्टूल बदललं नाही.

वेंडेल घराच्या पायऱ्यांवर बसून मक्याची कणसं सोलत होता. ऑर्लिनने खालच्या पायरीवर एक पाय ठेवला.

"वेंडेल."

"ऑर्लिन."

एक शेळी येऊन ऑर्लिनच्या बुटाचा वास घेऊन गेली.

"पाऊस हवा होता," ऑर्लिन म्हणाला.

"हवा होता."

"टेकडीवर..." ऑर्लिनने टेकडीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. "टेकडीवर चांगलं वाढलंय."

वेंडेलने हातातलं कणीस खाली ठेवलं. "तू अजून निरीक्षक आहेस का?"

"नाही. सोडलं ते."

"मग काय बघतोयस?"

"काही नाही. असंच."

वेंडेलने दुसरं कणीस घेतलं. "काल तुझ्याकडे धूर होता म्हणे."

"थोडा."

"आर्डिस गावाला गेलीय म्हणे."

"डुलुथला."

"आणि तिच्या अळ्या तुझ्याकडे."

"आहेत."

"काय खातात?"

"लेट्यूस नाही खात," ऑर्लिन म्हणाला.

वेंडेलच्या मिशा जराशा हलल्या. पण तो दुष्ट माणूस नव्हता. "तुला थोडी रुई हवी का?" त्याने विचारलं.

आणि ऑर्लिन म्हणाला, "नको नको, तुला कशाला उगाच त्रास."

कुणीही काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं, हे आमच्याकडच्या नॉर्वेजियन घरांत मुलं बोलायला शिकतात तेव्हाच शिकतात. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नको म्हणायचं, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, अगदी थोडंसं," असं म्हणून पोटभर घ्यायचं. पाहुणा आणि यजमान दोघांनाही आपापली वाक्यं पाठ असतात. फक्त नदीपलीकडच्या जर्मनांना ती कुणी शिकवलेली नाहीत. त्यांच्याकडे नको म्हणजे नको.

"बरं," वेंडेल म्हणाला आणि कणीस सोलायला लागला.

ऑर्लिन दुसऱ्यांदा विचारलं जायची वाट बघत उभा राहिला. वेंडेलने ते कणीस संपवलं, पुढचं घेतलं. शेळी परत आली, बुटाची नाडी चघळून गेली. शेवटी ऑर्लिनने टोपीला हात लावला, गाडीत जाऊन बसला, गाडी सुरू केली. मग बंद केली. मग उतरून पुन्हा पायरीपाशी आला.

"वेंडेल."

"अजून आहेस होय तू?"

"हवीय."

"काय?"

"रुई."

"किती?"

"पुष्कळ," ऑर्लिन म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने हा शब्द अॅपल पायबद्दलसुद्धा कधी वापरला नव्हता, असं आर्डिस मला शपथेवर सांगते.

वेंडेल उठला नाही. कणसाचे केस तो एकेक करून काढत राहिला. "आणि टेकडी?" त्याने विचारलं.

ऑर्लिनने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "कापायला नको होती मी."

"नको होती."

"तू नसताना तर नकोच."

"मी असताना कापलीच नसतीस," वेंडेल म्हणाला. "मला तिच्यावर संध्याकाळी जाऊन बसायला आवडतं. तू कधी विचारलं नाहीस. नुसतं वाढतंय वाढतंय म्हणायचास. मला दिसत होतं की वाढतंय."

"हं," ऑर्लिन म्हणाला.

आमच्याकडे भांडण सुरू व्हायला फारसे शब्द लागत नाहीत, त्यामुळे मिटायलाही लागत नाहीत. वेंडेलने आतून बादली आणली आणि दोघं टेकडीवर गेले. रुई कमरेपर्यंत होती, पानापानाला चिकाचा वास. ऑर्लिनने कात्री काढली. पण तो झाडाजवळ गेला मात्र, त्याचा डावा हात हळूच खाली सरकला, बुंध्याशी गेला, आणि बोटं मिटायला लागली.

"ए!" वेंडेल ओरडला. "हात खिशात!"

"मी फक्त..."

"दोन्ही खिशात. गाडीत जाऊन बस. खाली बघू नकोस, समोर बघ."

आणि आमच्या टाउनशिपचा माजी तणनिरीक्षक दोन्ही हात खिशात घालून गाडीत समोर बघत बसला, आणि वेंडेल फायफरने शेंड्याशेंड्याची कोवळी पानं बघून बादली भरली. भरल्यावर तोही गाडीत बसला. "मला बघायच्या आहेत," तो म्हणाला. "माझी रुई कोण खातंय ते मला कळलं पाहिजे."

पानं आत ठेवली तेव्हा पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग सगळ्यांत मोठी होती ती एका पानाच्या कडेला गेली, थांबली, आणि डोकं वरून खाली, वरून खाली करत तिने पानात अर्धचंद्र कापला. मग दुसरी. निपचित पडलेल्यांना ऑर्लिनने पानाच्या टोकाने उचलून वर ठेवलं. दोन हलल्या नाहीत. बाकीच्या हलल्या. थोड्या वेळाने तो आवाज सुरू झाला.

"आवाज करतात," वेंडेल म्हणाला.

"हो."

"दमल्या नाहीत अजून."

"दमत नाहीत त्या."

दोघं खुर्च्यांत बसले आणि ऐकत राहिले. वेंडेल त्या घरात कधीच आला नव्हता. दुपार झाली तेव्हा ऑर्लिनने फ्रीजरमधला हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला थर, काढून गरम केला आणि दोघांनी तो पिंजऱ्यांशेजारी बसून खाल्ला.

त्यानंतर वेंडेल रोज सकाळी बादली घेऊन यायला लागला. मोठ्या अळ्या खाऊन खाऊन जाड झाल्या, पिंजऱ्याच्या छताला उलट्या लटकल्या, आणि एकेकीने कातडी टाकून हिरवा कोष केला, सोन्याचे टिपके असलेला. ऑर्लिनला वाटलं आता काम संपत आलं. पण पिंजऱ्यातल्या अळ्या काही कमी होईनात.

"कालच्यापेक्षा जास्त आहेत का या?" त्याने विचारलं.

वेंडेलने चष्मा लावला. पानांच्या खालच्या बाजूने केसाएवढ्या नव्या अळ्या बाहेर येत होत्या. वेंडेलने रोज कोवळी बघून बघून आणलेली पानंच मोनार्कनेही निवडली होती, आणि प्रत्येक बादलीबरोबर तिची अंडी घरात येत होती.

"तू मला रुई दिलीस की पाहुणे?" ऑर्लिन म्हणाला.

"दोन्ही एकत्रच वाढतात," वेंडेल म्हणाला. "तुला कधी दिसलं नाही एवढंच."

आर्डिस परत आली तेव्हा सकाळ होती. तिने गाडी गॅरेजपाशी लावली, मागची मोकळी जमीन पाहिली आणि गाडीतून बर्फाचा मोठा डबा ओढून काढला. स्वयंपाकघराचं दार उघडून आत पाऊल टाकलं तर टेबलाशी तिचा नवरा आणि वेंडेल फायफर डोक्याला डोकं लावून एका पानाकडे बघत बसले होते.

"वेंडेल," ती म्हणाली.

"आर्डिस," वेंडेल म्हणाला, आणि उठून टोपी काढली.

ऑर्लिन उभा राहिला. तो काय म्हणेल याचा तिने प्रवासभर अंदाज बांधला होता. त्याने घसा साफ केला. "गॅरेजमागे जरा मोकळं झालंय," तो म्हणाला.

"दिसलं," आर्डिस म्हणाली. "आणि कात्री?"

"खिशात होती."

तिने डब्याचं झाकण उघडलं. आत ओल्या कागदात गुंडाळलेली रुई काठोकाठ भरलेली होती. डुलुथला बहिणीच्या घरामागच्या उतारावरची. बहिणीच्या नवऱ्याची बिअर त्यासाठी आठवडाभर बाहेर राहिली होती.

"तुला कसं कळलं?" ऑर्लिनने विचारलं.

"लोइसने पहिल्याच दिवशी फोन केला. धूर विझायच्या आधी. मी तेव्हाच जाऊन रुई कापली आणि गाडीची किल्ली हातात घेतली. पण बहीण पलंगावर, तिच्या नवऱ्याला तिला उठवता येत नाही, आणि तिची मुलगी सकाळशिवाय येणार नव्हती. सकाळी निघते तोच लोइसचा दुसरा फोन, ऑर्लिनची गाडी फायफरच्या दारात उभी आहे. मग किल्ली ठेवली आणि बहिणीला आंघोळ घातली."

"म्हणजे तू रोज फोनवर विचारत होतीस ते..."

"तू काय सांगतोस ते ऐकत होते. धूर आणि ढग यांतला फरक मला कळतो, ऑर्लिन."

"मग सांगायचं नाही का, रुई घेऊन येतेय म्हणून? मी वेंडेलकडे जायला..." ऑर्लिनने वेंडेलकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

ऑर्लिनने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"बिअर गरम झाली त्याबद्दल साडूला पत्र लिही," आर्डिस म्हणाली आणि हात धुऊन पिंजरा साफ करायला घेतला. डब्यातली रुई वाया गेली नाही; केसाएवढ्या होत्या त्या तोवर बोटाएवढ्या होऊ लागल्या होत्या.

सप्टेंबरच्या मध्यावर, एका रात्रीच्या पावसानंतर उत्तरेचा वारा सुटला. आदल्या दिवशी कोषांचा हिरवा रंग जाऊन आतले नारिंगी पंख काचेतून दिसावेत तसे दिसायला लागले होते. सकाळी पहिली खेप बाहेर आली. पंख आधी ओल्या रुमालासारखे, मग हळूहळू ताठ. दुपारी तिघांनी पिंजरे परसात नेऊन जाळ्या उघडल्या. पुष्कळशी सरळ निघून गेली, निरोपसुद्धा न घेता. एक ऑर्लिनच्या बाहीवर बसलं आणि पंख उघडत मिटत राहिलं. ऑर्लिन श्वास रोखून उभा होता. आर्डिस दुसऱ्या पिंजऱ्याशी वाकून मागे राहिलेल्यांना फुंकर घालत होती. मग वाऱ्याचा एक झोत आला, बाहीवरचं उडालं, मायलोच्या छपरावरून गेलं आणि दक्षिणेकडे ठिपका होऊन नाहीसं झालं.

वेंडेलने डोळ्यांवर हाताची सावली धरली होती. "थेट मेक्सिकोला?"

"थेट," ऑर्लिन म्हणाला.

"कुणी दाखवलेलं नसताना."

"कुणीच नाही."

वेंडेलने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. "मी कधी एवढ्या लांब गेलो नाही. तू?"

"मी एकदा ओमाहाला गेलो होतो." ओमाहा आमच्याकडून गाडीने अर्ध्या दिवसावर आहे.

"कसं होतं?"

ऑर्लिन अजून मायलोच्या छपराकडेच बघत होता.

"लांब," तो म्हणाला.